सोशिकांचा सद्गुण, दात्यांचे पुण्य

‘सद्गुण’ हा शब्द पुन्हा एकदा प्रतिष्ठेला चढला आहे. राजकारणाचा बट्ट्याबोळ झाला तो सद्गुणी माणसे त्यात उरली नाहीत म्हणून, कारखाने बंद पडले ते कामगारांची निष्ठा आटली म्हणून, शेतकरी कर्जात बुडाला तो काटकसर विसरला म्हणून, असे निदान सभासंमेलनांतून, शाळांतल्या मूल्यशिक्षणाच्या तासांतून आणि व्यवस्थापनाच्या शिबिरांतून एकाच सुरात ऐकू येते. उपायही एकच सांगितला जातो : आधी माणूस सुधारा, मग समाज आपोआप सुधारेल. हे निदान केवळ विरोधकांच्या तोंडी असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु अलीकडे समाजवादी चळवळीच्या सहानुभूतीदारांत, आणि खुद्द पक्षाच्या कार्यकर्त्यांतही, ते मूळ धरू लागले आहे. थकलेल्या चळवळीला नीतिबोधाचा विसावा हवासा वाटतो, हे समजण्याजोगे आहे; क्षम्य मात्र नाही. म्हणून सद्गुण म्हणजे काय, त्याचे प्रकार कोणते आणि कोण कोणाकडून त्याची अपेक्षा करतो, याचा एकदा रोखठोक विचार व्हायला हवा. तो हवेत करण्यापेक्षा एखाद्या जागी उभे राहून केलेला बरा. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पूर्वेला जालना रस्त्यावर वसलेले शेंद्रा ही त्यासाठी सोयीची जागा आहे.

शेंद्र्याचे नाव आज घेतले जाते ते कारखान्यांमुळे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पंचतारांकित म्हणवली जाणारी वसाहत तेथे आहे. स्कोडा या झेक कंपनीच्या मोटारी २००१ पासून तेथे तयार होऊ लागल्या. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या योजनेत शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ‘ऑरिक’ नावाची औद्योगिक नगरी आखली गेली, आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांनी येऊन तिच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन केले. परंतु ज्यांनी या वसाहतीत कधी पाऊल टाकले नाही अशा मराठवाड्यातील लक्षावधी माणसांना शेंद्रा ठाऊक आहे ते मांगीरबाबांचे म्हणून. शेंद्रा कमंगर येथे चैत्रात मांगीरबाबांची यात्रा भरते. मातंग समाजाचे हे दैवत. पण नवस बोलायला आणि फेडायला इतर समाजांतील माणसेही येतात. नवस फेडण्याची तेथली जुनी रीत म्हणजे पाठीच्या कातडीत लोखंडी गळ टोचून घेणे. मूल झाले, आजार बरा झाला, संकट टळले की माणसाने आपली पाठ देवापुढे करायची. कार्यकर्त्यांनी या प्रथेविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याच्या विधिमंडळाने अमानुष व अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा मंजूर केला. त्या कायद्याने अशा कामाला बळ दिले. विवेकवाद्यांच्या या कार्याचे मोल मोठे आहे. तथापि त्यांच्या टीकेत एक प्रश्न बहुधा अस्पर्श राहतो, आणि सद्गुणाच्या चर्चेत नेमका तोच महत्त्वाचा आहे.

‘मांगीर’ हे नाव एकट्या शेंद्र्याचे नाही. महाराष्ट्रात गावोगावी मांगीर आहेत, आणि लोकपरंपरा त्यांच्याविषयी जे सांगते ते अंगावर काटा आणणारे आहे. किल्ल्याचा बुरूज ढासळू लागला, वाड्याचा पाया टिकेना, तळ्याला पाणी लागेना, की मांगाचा बळी द्यायचा. आणि मग जो पायात गाडला गेला त्याला शेंदूर फासून त्याची पूजा करायची. अशा कथांतला इतिहास किती आणि कल्पना किती, हे संशोधकांनी ठरवावे. परंतु एखादा समाज आपल्या स्मृतीत काय साठवून ठेवतो, यालाही अर्थ असतो. बुरूज राजाचा, वाडा पाटलाचा, पाणी साऱ्या गावाचे; त्यागाचा सद्गुण मात्र गावकुसाबाहेरच्या माणसाचा. त्याला कोणी विचारले नव्हते. ज्याच्याकडून जीव हिसकावून घेतला त्याच्या नावावर ‘त्याग’ जमा करण्याची ही युक्ती किती जुनी आणि किती पक्की आहे, हे शेंद्र्याच्या देवळापाशी उभे राहिले म्हणजे कळते. आणि पुढे त्याच्याच वंशजांनी, त्याच्याच जातभाईंनी, आपल्या पाठीत गळ खुपसून घेऊन पुण्य जोडायचे! उच्चवर्णीयांच्या देवळांत पुण्य शिधा, सोने आणि अभिषेक यांनी मिळते. ज्याच्याजवळ देहावाचून दुसरे काही नाही त्याला ते देहानेच विकत घ्यावे लागते.

आता त्याच गावाच्या शिवारातल्या कारखान्यांकडे वळले तर तेथे कोणता सद्गुण शिकवला जातो? शेंद्र्याचे काही वेगळे आहे असे नाही. वाळूज, चाकण, रांजणगाव, बुटीबोरी, कोठेही हेच चित्र आहे. एकाच साखळीवर, एकाच पाळीत दोन माणसे उभी असतात. एक कायम, दुसरा ठेकेदाराचा. काम तेच, यंत्र तेच, धोका तोच. पगार मात्र निम्म्याहूनही कमी असू शकतो. वर्षात २४० दिवस भरले तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखाली सलग सेवेचा हक्क सांगता येत असे, म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ द्यायचा. माणूस तोच, ठेकेदाराच्या संस्थेचे नाव तेवढे बदलायचे. कोणी ‘शिकाऊ’ म्हणून वर्षामागून वर्षे शिकतच राहतो. या माणसाकडून ज्या गुणांची अपेक्षा केली जाते ते सारे भिंतीवरच्या फलकांवर रंगवलेले असतात : शिस्त, वक्तशीरपणा, निष्ठा, संयम, ‘कारखाना हेच कुटुंब’. ज्या कुटुंबात निम्म्या लेकरांना दर काही महिन्यांनी घराबाहेर काढले जाते, त्या कुटुंबाच्या प्रमुखाला कोणत्या सद्गुणाचे नाव द्यायचे, हे मात्र फलकावर लिहिलेले नसते.

हे सारे नवे नाही. नीतिशास्त्राचा आद्य आचार्य म्हणून ज्याचा गौरव होतो त्या अ‍ॅरिस्टॉटलने गुलामालाही सद्गुण असतो काय, असा प्रश्न आपल्या ‘राजनीती’त उपस्थित केला आणि उत्तर दिले की, असतो, पण अगदी थोडा, भित्रेपणामुळे किंवा बेतालपणामुळे त्याच्या कामात खोट येऊ नये एवढ्यापुरता. इतका प्रांजळ मालक आज मिळणे कठीण. युरोपीय भाषांत सद्गुणासाठी जो शब्द रूढ झाला त्याचे लॅटिन मूळ ‘पुरुष’ या अर्थाच्या शब्दात आहे; म्हणजे आरंभी सद्गुण होता तो शस्त्र धरणाऱ्या स्वतंत्र नागरिक-पुरुषाचा. स्त्री, दास आणि परका यांच्या वाट्याला आला तो आज्ञापालनाचा गुण. आपल्याकडे मनुस्मृतीने शूद्राला एकच कर्म नेमून दिले, मनात असूया न ठेवता तिन्ही वर्णांची सेवा. ‘असूया न ठेवता’ ही पुरवणी फार बोलकी आहे. नुसती सेवा पुरेशी नव्हती. ती हसतमुखाने व्हायला हवी होती. आजच्या व्यवस्थापनशास्त्रातील ‘सकारात्मक दृष्टिकोना’चे मूळ शोधण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, जातिसंस्थेच्या उच्छेदासंबंधीच्या आपल्या न झालेल्या भाषणात, या व्याधीवर नेमके बोट ठेवले. जातीमुळे हिंदूंचा सद्गुणच जातीच्या चौकटीत अडकला, नीतीची हद्द जातीच्या हद्दीपाशी संपली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सहानुभूती आहे, पण आपल्या जातीच्या माणसाबद्दल. दानधर्म आहे, पण जातीत सुरू होऊन जातीतच संपणारा. समाजवाद्यांनी या विचाराला वर्गाची जोड देऊन तो पुढे न्यायला हवा होता. बाबासाहेबांनी स्वतःच तो नेला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. त्या विधेयकाने संप हा गुन्हा ठरवू पाहिला होता. संप करण्याचा अधिकार म्हणजे स्वातंत्र्याच्या अधिकाराचेच दुसरे नाव, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. ज्या कृत्याला मालक ‘बेशिस्त’ म्हणतात तेच एका विशिष्ट स्थितीत माणसाचे सर्वांत मोठे शील ठरते, हा या भूमिकेचा मथितार्थ. ऑस्कर वाइल्डने १८९१ साली समाजवादावरील निबंधात काटकसरीचा उपदेश गरिबांना करणे ही त्यांची थट्टा आहे, असे म्हटले होते आणि अवज्ञेला माणसाचा मूळ सद्गुण मानले होते. तो विलासी साहित्यिक होता म्हणून त्याचे बोलणे हसण्यावारी नेता येईल. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी पिणाऱ्यांची अवज्ञा हसण्यावारी नेता येणार नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका गोष्टीची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. बर्नार्ड मँडेव्हिलने १७१४ साली मधमाश्यांच्या रूपककथेतून असे दाखवले की, श्रीमंतांचे दुर्गुण, म्हणजे त्यांची उधळपट्टी, हाव आणि चैन, व्यापाराला चालना देतात. म्हणून ते सार्वजनिक हिताचे. याच गृहस्थाने १७२३ साली धर्मादाय शाळांविरुद्ध निबंध लिहिला आणि गरिबांची मुले शिकली तर कष्टाची कामे कोण करील, असा सवाल केला. श्रीमंतांचे दुर्गुण समाजाला उपकारक आणि गरिबांचे सद्गुण, अर्थात अज्ञान आणि कष्ट, हेही समाजाला उपकारक! अ‍ॅडम स्मिथला हे पटले नाही. श्रीमंतांची वाहवा करण्याची आणि गरिबांना तुच्छ लेखण्याची प्रवृत्ती नैतिक भावनांच्या भ्रष्टतेचे सर्वांत मोठे कारण असल्याचे त्याने आपल्या नीतिविषयक ग्रंथाच्या अखेरच्या, १७९०च्या आवृत्तीत नमूद केले. बाजारपेठेचे जे पुजारी ऊठसूट स्मिथचे नाव घेतात, त्यांनी हे प्रकरण उघडलेले दिसत नाही.

सोशिकपणा हा असा एक सद्गुण झाला. त्याच्या समोर, किंबहुना त्याच्या डोक्यावर, दुसरा सद्गुण उभा असतो, तो दातृत्वाचा. दातृत्वाला आता कायद्याची राजमुद्रा मिळाली आहे. २०१३च्या कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाने, ठरावीक मर्यादेवरील मालमत्ता, उलाढाल किंवा किमान पाच कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के ‘सामाजिक उत्तरदायित्वा’वर खर्च करणे भाग पाडले. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली. तेव्हापासून खेड्यापाड्यांत शाळांना संगणक मिळाले, शौचालये बांधली गेली, आरोग्यशिबिरे भरली. या गोष्टी वाईट आहेत असे कोणीही म्हणणार नाही. ज्या मुलीला शाळेत शौचालय मिळाले तिच्यापुढे वर्गसंघर्षाचे प्रवचन करणे निर्दयपणाचे होईल. परंतु हिशोब तो हिशोब. समजा, एका कारखान्यात हजार कंत्राटी कामगार आहेत आणि त्याच कामासाठी कायम कामगाराला मिळते त्यापेक्षा महिन्याला दहा हजार रुपये त्यांना कमी मिळतात. वर्षाला बारा कोटी रुपये त्यांच्या ताटातून उचलले गेले. कारखान्याचा सरासरी नफा शंभर कोटी असेल तर उत्तरदायित्वाची रक्कम झाली दोन कोटी. बारा कोटी उचलताना फलक लागत नाही, छायाचित्र निघत नाही. दोन कोटी देताना मंडप, फीत आणि पालकमंत्री हवेत. वेतनाच्या दिवशी जो ‘ठेकेदाराचा माणूस’ असतो, त्याचेच पोर गावच्या शाळेत दप्तर घ्यायला रांगेत उभे राहिले की ‘लाभार्थी’ होते.

या कायद्यात एक गंमत आहे, आणि ती चळवळीच्या उपयोगाची आहे. कंपनीने स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही, असे त्याखालचे नियम सांगतात. का? कारण कामगाराला जे द्यायचे ते देणे आहे, दान नव्हे. देण्याला दानाचे नाव देऊन पुण्य मिळवू देऊ नये, एवढे तारतम्य नियम करणाऱ्यांनाही सुचले. सरकारी नियमावलीला जे उमगले ते चळवळीतल्या माणसांनी विसरावे, यासारखी खंत दुसरी नाही.

गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीचा दाखला येथे दिला जाईल. तो आदरपूर्वक ऐकलाही पाहिजे, कारण गांधीजींनी मालकाकडून मागितले ते दोन टक्के नव्हते; संपत्ती ही आपली नाहीच, असे मानून वागण्याची त्यांची अट होती. अशी अट पाळणारा मालक किती वेळा आढळला, याचे उत्तर इतिहासाने देऊन झाले आहे. दात्यांच्या गुणगानात गाडगेबाबांचेही नाव गोवले जाते. हा तर त्या पुरुषाचा उपमर्द होय. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते चालवली, पण स्वतः त्यांच्या आश्रयाला राहिले नाहीत, आणि देवळात पुण्य शोधणाऱ्यांना हातात खराटा देऊन गाव झाडायला लावले. त्यांचा त्याग कोणाच्याही घामातून काढलेला नव्हता.

मग सोसणे आणि देणे यांच्याखेरीज सद्गुणाचा तिसरा प्रकार आहे काय? आहे, आणि तो महाराष्ट्राला परका नाही. १९७२चा दुष्काळ मराठवाड्यातील जुन्या माणसांना विसरणे शक्य नाही. त्या वर्षी दया पुष्कळ जागी झाली होती. शहरांतून धान्य येत होते, सुखडी वाटली जात होती, कपडे गोळा होत होते. परंतु लक्षावधी माणसे जगली ती खडी फोडून आणि माती वाहून मिळवलेल्या मजुरीवर, दुष्काळी कामांवर. आणि त्या कामांवरच्याच माणसांनी मोर्चे काढले, मजुरीसाठी भांडण केले, काम ही मेहेरबानी नाही असे सरकारला सुनावले. वि. स. पागे यांच्यासारख्या गांधीवादी, काँग्रेसमधल्या नेत्याने रोजगार हमीच्या कल्पनेचा पाठपुरावा केला होता. रस्त्यावरच्या रेट्याने तिला वजन आले. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैसा कोठून आला? १९७५ सालच्या कायद्याने नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला, त्यातून. मुंबईच्या कचेरीतला कारकून दरमहा आपल्या पगारातून काही रुपये देऊ लागला आणि बीड-औरंगाबादच्या मजूर स्त्रीला काम मागण्याचा हक्क मिळाला. त्या कारकुनाला कोणी दाता म्हटले नाही, त्या स्त्रीला कोणी लाभार्थी म्हटले नाही. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते. योजनेत भ्रष्टाचार झाला, हजेरीपटावर खोटी नावे लागली, मजुरी महिनोन्‌महिने थकली, हे सारे खरे. तरीसुद्धा पुढे २००५ साली केंद्राला देशभरासाठी कायदा करावा लागला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभवच पायाभूत ठरला. १९६९चा माथाडी कायदाही याच कुळातला. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाला मालकाची दया नको होती. मालकाकडून मजुरीबरोबर लेव्ही भरून घेणारे मंडळ हवे होते, ते त्याने लढून मिळवले.

मोठ्या जीवनमूल्याला दोन-चार कलमांत बसवणे हा सद्गुणाचा ऱ्हास आहे, असे यावर कोणी म्हणेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो येथे असतो. जो सद्गुण कायदा, कर आणि करार यांच्यात उतरायला तयार नसतो तो बहुधा मनातही फार काळ टिकत नाही. साने गुरुजींची आठवण आज काढली जाते ती ‘श्यामची आई’च्या हळव्या संस्कारांपुरती. पण याच गुरुजींनी खानदेशातल्या शेतकऱ्यांची सारामाफीची लढाई उभी केली, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपूरला उपोषण आरंभले ते अस्पृश्यांना विठ्ठलाचे दर्शन कोणाच्या कृपेने मिळावे म्हणून नव्हे. दार उघडावे, आणि ते पुन्हा लावण्याचा अधिकार कोणालाही उरू नये, यासाठी ते होते. गुरुजींचे अश्रू जपून ठेवायचे आणि त्यांचे उपोषण विसरायचे, ही त्यांच्या भक्तांची सोय आहे.

येथपर्यंतचे म्हणणे पक्षाच्या वाचकांना रुचेल. पुढचे कदाचित रुचणार नाही. समाजवादी परंपरेने स्वतःच सद्गुणाचा एक प्रकार जन्माला घातला आहे आणि त्याचे ओझे ती अजून वाहते आहे. तो म्हणजे व्यक्तिगत स्वच्छतेचा. साधी राहणी, खादीचा सदरा, एसटीचा प्रवास, हात बरबटलेले नाहीत याचे समाधान. हा गुण खोटा नाही; आजच्या बाजारात तर तो दुर्मिळच आहे. पण तो पुरेसा आहे असे मानण्याने चळवळीचा घात केला. मराठवाड्याने याचा दाहक अनुभव घेतला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलितवस्त्या पेटल्या. त्या वेळी नामांतराला विरोध करणाऱ्यांत सगळेच गुंड नव्हते. निजामाविरुद्ध तुरुंग भोगलेली, आयुष्यात एक पैसाही न खाल्लेली, नामवंत माणसेही त्यांत होती. त्यांच्या चारित्र्यावर कोणी बोट ठेवू शकत नव्हते. तरीही, ज्यांची घरे जळत होती त्यांच्या दृष्टीने त्या निष्कलंक चारित्र्याचा उपयोग काय होता? नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. याच काळात एस. एम. जोशींसारखे समाजवादी नामांतराच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी अवमान सोसला, हीही नोंद केली पाहिजे. दोन्ही बाजूंची माणसे साधी होती, दोन्हींकडची खादीच होती. फरक पडला तो कोण कोणाच्या शेजारी जाऊन उभे राहिले याने.

त्याहून अलीकडची गोष्ट म्हणजे संघर्ष सोडून सेवेकडे झालेले प्रयाण. एके काळी जी मंडळी कारखान्याच्या दारावर सभा घेत, त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे संस्था काढल्या. संस्था चालवायला पैसा लागतो. पैसा आता उत्तरदायित्वाच्या खात्यात आहे. ज्या कंपनीच्या निधीतून आरोग्यकेंद्र चालते तिच्या दारावर कंत्राटी कामगारांची सभा घेता येत नाही, हे कोणी लेखी देत नाही, पण सर्वांना ठाऊक असते. यातली माणसे लबाड नाहीत. ती खरोखरच रात्रंदिवस राबतात. आक्षेप त्यांच्या हेतूवर नसून त्यांच्या जागेवर आहे. मांगीरबाबांच्या पाठीतला गळ काढायला जाणाऱ्या कार्यकर्त्याने तो गळ ज्या दोरीला बांधला आहे ती दोरीही पाहायला हवी.

याचा अर्थ व्यक्तीच्या नीतीला महत्त्व नाही, असा मात्र कोणी काढू नये. व्यवस्था बदलली की माणूस आपोआप बदलतो, या समजुतीनेही गेल्या शतकात फार अनर्थ केला आहे. कामगार चळवळीतच पाहा. संघटनेचा पुढारी आज ठेकेदार झालेला आढळतो. आपल्याच सभासदांची हजेरी तो आपल्याच भाच्याच्या संस्थेमार्फत लावतो. अशा पुढाऱ्याला तुडवण्यासाठी मार्क्सची गरज नाही, चार पैशांचा हिशोब चोख ठेवणारा खजिनदार पुरेसा आहे. प्रामाणिकपणा, धैर्य, दिलेला शब्द पाळणे, हे गुण लढ्याचे भांडवल आहेत. प्रश्न आहे तो त्यांची दिशा कोणती, आणि त्यांची हद्द कोठे संपते, हा.

ही हद्द तपासण्याची वेळ आता आली आहे, आणि ती शेंद्र्यातच तपासता येईल. २००१ साली, ज्या वर्षी तेथून पहिल्या मोटारी बाहेर पडू लागल्या त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात, कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाहीत, असा निर्णय दिला. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे त्याच न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या खटल्यात म्हटले. खाजगी कारखान्यातील कंत्राटी कामगाराच्या ताटात मात्र त्यातले काही पडलेले नाही. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. त्यांनी, कामगारकपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांपासून पुढे लागू केली. प्रत्येक उद्योगात संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आवश्यक केली. गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार ठेवू नयेत असे एका हाताने लिहिले आणि दुसऱ्या हाताने त्याला इतके अपवाद जोडले की गाभा कोठला हे शोधावे लागेल. मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद स्वागतार्ह आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण एकंदर रोख स्पष्ट आहे : सोशिकपणा हा सद्गुण आता कायद्याने अधिक काळ पाळावा लागणार आहे.

याविरुद्ध पक्षाने ठराव केले, पत्रके काढली, ते योग्यच झाले. तथापि बाहेरच्या शत्रूविरुद्ध ठराव करणे सोपे असते. अवघड आहे ते घरातले काम. औद्योगिक वसाहतींमधील कायम कामगारांच्या संघटनांत पक्षाचे सभासद आणि सहानुभूतीदार आहेत. दर तीन-चार वर्षांनी या संघटना व्यवस्थापनाशी वेतनकरार करतात. हजारो रुपयांची वाढ मिळते, पेढे वाटले जातात, गुलाल उधळला जातो. त्याच साखळीवर उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला त्या गुलालाचा रंग तेवढा लागतो. कायम कामगाराची वाढ कंत्राटी कामगाराच्या बचतीतून निघते, हे व्यवस्थापन जाणते आणि संघटनेचे पदाधिकारीही जाणतात. बाबासाहेबांनी जातीबद्दल जे सांगितले ते येथे संघटनेबद्दल खरे ठरते : सद्गुण आहे, बंधुभाव आहे, परंतु तो पावतीपुस्तकापाशी संपतो. कंत्राटी कामगाराला सभासद करून घ्यायचे की नाही, यावर संघटनांच्या बैठकांत जो अबोला पाळला जातो तो मालकाच्या कोणत्याही फलकापेक्षा अधिक घातक आहे.

तेव्हा चारित्र्यसंवर्धनाची शिबिरे भरवण्याआधी पक्षाच्या जिल्हा शाखेने एक साधे काम करावे. जेथे जेथे पक्षाची माणसे कायम कामगारांच्या संघटनेत आहेत, तेथे पुढच्या कराराचे मागणीपत्रक तयार होताना कंत्राटी कामगारांच्या वेतनाचे आणि कायम होण्याचे कलम त्यात घालण्याचा आग्रह त्यांनी धरावा. ते कलम मागणीपत्रकात कितव्या क्रमांकावर बसले, वाटाघाटींच्या कितव्या बैठकीत सोडून देण्यात आले, आणि सोडून द्यायला हात वर करणाऱ्यांत आपले किती होते, याची लेखी नोंद शाखेच्या दप्तरी ठेवावी आणि ती जिल्हा परिषदेत वाचून दाखवावी.